तार कुणी हलवली

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अव्वाने ही वही आणून दिली. म्हणाली, "तोंडानं बोलायच्या आधी हिच्यात बोल, म्हंजे आमाला दोन घास सुखानं खाता येतील." जन्मदात्या आईने असं म्हटल्यावर काय करणार? बोलते.

आज संध्याकाळी अप्पांना झटका बसला. हार्ट अटॅक नव्हे. दसऱ्याच्या आठवड्यात त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं, त्याचा झटका. त्या यंत्राची तार शिरेतून थेट हृदयात जाते. हृदय भलत्याच तालात पळायला लागलं की यंत्र आतून झटका देतं आणि त्याला ताळ्यावर आणतं. माणूस वाचावा म्हणून ते बसवतात. आज अप्पांचं हृदय नीट चाललं होतं आणि तरी यंत्राने त्यांना लाथ घातली.

मठातल्या भजनाहून नुकतेच आले होते. त्यांचे जुने दोस्त बसूकाका, त्यांनी स्कूटरवरून सोडलं आणि एरवी चहा घेतल्याशिवाय न हलणारा तो माणूस आज दारातूनच पळाला. अप्पांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "भजनात एवढा घाम?" तर म्हणाले, "टाळ वाजवून बघ की एकदा." मग मोरीत हात धुवायला वाकले आणि भिंतीवर आदळले. अव्वा किंचाळली. माझा धाकटा भाऊ गुरु एमआयडीसीतून, टॉवेलच्या कारखान्यातून, तेवढ्यातच घरी येत होता, त्याने रिक्षा आणली. वाटेत अप्पा म्हणत होते, "घोड्यानं लाथ मारली बघ छातीत."

एक्स-रे काढला. तार जागची हलली आहे. यंत्राला आतलं भलतंच काहीतरी ऐकू आलं आणि त्याने फुकटचा झटका दिला. हे सांगणार कोण, तर डॉ. उत्कर्षा, जिने दसऱ्यात ती तार बसवली तीच. माझ्याहून लहान, मूळची नातेपुत्याची. शांतपणे अप्पांना विचारते, "काका, डावा हात जोरात वर केला होता का? काही जड उचललं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तार हिने बसवायची आणि हलली की खापर अप्पांच्या डोक्यावर! मी म्हटलं, "ते काय उचलणार? पाण्याची बादली उचलू देत नाही मी त्यांना. बसवतानाच नीट बसवली नसेल तर तसं सांगा." सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. बघू दे. तिने पुन्हा अप्पांना विचारलं, "काका?" अप्पा म्हणाले, "न्हाय."

झालं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज तार परत जागेवर बसवली. मी बाहेर बाकावर लॅपटॉप उघडून कामच करत होते, रजा उरली नाही.

काम म्हणजे अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं. तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीला तिचा ठरलेला आकडा लावायचा. कोविडमध्ये हैदराबादचं ऑफिस सुटलं, तेव्हापासून घरातूनच करते. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की डॉक्टरने लिहिलं तेच झालं, लिहिलं नाही ते झालंच नाही.

तिकडे हृदयातली तार हलली आणि परत जागेवर बसवली तर त्याला स्वतःचा आकडा आहे, ३३२१५. नवीन यंत्र बसवण्याचा वेगळा. तार हलली या दुखण्याचा आणखी वेगळा. शिवाय दुखापत काय करताना झाली त्यालाही आकडे आहेत, नाचताना, स्वयंपाक करताना, लोकर विणताना सुद्धा. लोकर विणताना स्वतःला इजा करून घेणारी बाई कुठे असेल ती असो, तिची सोय करून ठेवली आहे. लोक हसतात याला. मला आवडतं. जे जे होतं त्याला जागा आहे, कुणीतरी नीट लिहिण्याचा अवकाश.

डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा थकलेली दिसत होती. म्हणाली, "या वेळी जास्त घट्ट बसवली आहे. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. वजन उचलायचं नाही." मी विचारलं, "पहिल्या वेळी का नाही घट्ट बसवली?" ती वळून आत निघून गेली. कशी बोलेल?

वॉर्डात अप्पा बोटं मोजत होते. "सहा आठवडे म्हंजे संक्रांतीच्या आत सुटतोय की मी!" एवढ्या दुखण्यातही या माणसाला तिळाच्या पोळीची पडली आहे. मला भरून आलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

विमा कंपनीने बिल नाकारलं. कारण वाचून मी हसले आणि मग ओरडले. "एकाच रुग्णाला दोन महिन्यांत दुसऱ्यांदा तेच यंत्र बसवल्याचे दिसते."

तरातरा हॉस्पिटलच्या विमा खिडकीवर गेले. तिथे अनिलकुमार नावाचा इसम बसतो. त्याला म्हटलं, "दुसऱ्यांदा यंत्र कुणी बसवलं? तार सरकवली फक्त. तुम्ही आकडा यंत्र बसवण्याचा टाकलाय."

तो म्हणाला, "मॅडम, तार सरकवणे असं आमच्या यादीत येतच नाही. सगळ्यात जवळचं जे येतं ते टाकतो आम्ही."

"सगळ्यात जवळचं? उद्या दात काढला तर जबडा काढला म्हणून टाकाल?"

"यादी वरनं येती मॅडम. मी काय करणार?"

वरून येते म्हणे. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय! मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि त्याच्याकडून 'इतर' या सदरात नवं बिल करून घेतलं. शस्त्रक्रियेचं वर्णन मी सांगितलं, त्याने टाईप केलं. मागे रांग वाढत होती. एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमचं झालं की माझंबी असंच भांडून द्या." त्याचंही दिलं.

गुरु दारात बाइक घेऊन उभा होता. येताना म्हणाला, "अक्का, सोड की आता. पैसे मी भरतो कुटनं तरी." हा असाच. कारखान्यात मालक डाफरला तरी मान खाली. मी म्हटलं, "आपली चूक नसताना आपण का भरायचं?" त्याने बाइकचा वेग वाढवला.

३० नोव्हेंबर, रविवार

अप्पा घरी आहेत. भजन बंद. बसूकाका एकदा येऊन गेले. अप्पांच्या खोलीत दोघांचं कुजबुजणं चाललं होतं, मी चहा घेऊन गेले तर दोघेही एकदम पंख्याकडे बघायला लागले. म्हातारी माणसं पोरांसारखी होतात ती अशी.

अप्पांना आंघोळ घालताना गुरुला मदत करायला गेले, तर कमरेवर, पोटाच्या खाली, हा एवढा काळानिळा डाग. पिवळा पडत चाललेला, म्हणजे जुना. तळहातांना घट्टे. मी विचारलं तर अव्वा मध्येच म्हणाली, "रक्त पातळ व्हायच्या गोळ्यांनी होतंय तसं." मलाही तेच वाटलं. म्हणजे औषधांचं प्रमाणही चुकवलं आहे. फोटो काढून ठेवला. गुरुने टॉवेल घाईघाईने गुंडाळला, तिकडेही त्याला लाज.

दुपारी अव्वा अप्पांची बाराबंदी धूत होती. पांढरी शुभ्र, बंदांची, संक्रांतीच्या यात्रेला घालतात ती. मी म्हटलं, "आत्तापासून कशाला? पाणी येतंय का रोज?" म्हणाली, "मळली हाय जरा." गेल्या संक्रांतीनंतर कपाटात घडी करून ठेवलेली बाराबंदी मळेल कशी? पण अव्वाशी कोण वाद घालणार.

ती बाराबंदी दोरीवर बघून वाईट वाटलं. अप्पांनी ऐन उमेदीत सिद्धेश्वराच्या यात्रेत काठी धरली आहे. आम्ही काठी म्हणतो, मानाचा नंदीध्वज तो. तीन माळ्यांच्या घराएवढा उंच, सजवलेला. खालचं टोक कमरेच्या पट्ट्यातल्या खोबणीत टेकवायचं आणि दोन्ही हातांनी तोल सांभाळत गर्दीतून चालायचं. लहानपणी मी मान मागे टाकून त्याच्या टोकाकडे बघत राहायची आणि खाली अप्पांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या असायच्या. दरवर्षी दिवाळीनंतर सराव सुरू व्हायचा, अप्पा ताठ व्हायचे. यंत्र बसवलं त्या दिवशी डॉक्टरिणीने ते सगळं बंद केलं. अप्पांनी वाद घातला नाही, मला म्हणाले, "बंद म्हंजे बंद." आमच्या घरात एकदा शब्द दिला की दिला. आणि माझ्यापासून तर कुणी काही लपवून ठेवत नाही, मी ठेवूच देत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

कंपनीचं नवं पत्र. आता त्यांना कारण हवं आहे. तार कशामुळे हलली ते डॉक्टरने लेखी द्यावं. रुग्णाच्या निष्काळजीपणामुळे हलली असल्यास दावा मंजूर होणार नाही.

डॉक्टरिणीला भेटले. तिने लिहिलेलं दाखवलं. "कारण निश्चित सांगता येत नाही. हाताच्या जोरकस हालचालीमुळे असे होऊ शकते."

मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "जोरकस हालचाल? कुणाची? तुम्ही बघितली? न बघितलेलं लिहिता कसं?"

"मी होऊ शकते असं लिहिलंय."

"आणि बसवताना चूक होऊ शकते, ते का नाही लिहिलं?"

तिने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "तेही होऊ शकतं. नाकारत नाही मी. पण काकांना एकदा एकट्यांना विचारू का?"

म्हणजे मला बाहेर काढून म्हाताऱ्याकडून वदवून घ्यायचं! मी म्हटलं, एकटं-बिकटं काही नाही, जे विचारायचं ते माझ्यासमोर विचारा. अप्पा तपासणीच्या टेबलावर पाय सोडून बसले होते. तिने विचारलं. अप्पा जमिनीकडे बघून म्हणाले, "पोरीनं सांगितलं तेच."

मग मी सुनावलं. ग्राहक मंच, वर्तमानपत्र, तिच्या वरचे डॉक्टर, सगळ्यांची नावं घेतली. कमरेच्या डागाचा फोटो दाखवला. तो तिने मोबाईल हातात घेऊन, मोठा करून पाहिला. "हे गोळ्यांचं वाटत नाही," म्हणाली. मी म्हटलं, "आता तेही आमच्यावर ढकला!" आणि मोबाईल ओढून घेतला.

घरी आल्यावर जो तो आपापल्या कामाला लागला. मी एवढी भांडते ती कुणासाठी? एकजण म्हणेल तर शपथ, की शिवलीला, बरं केलंस.

९ डिसेंबर, मंगळवार

मिळालं पत्र. तिच्या सहीचं. "पहिल्या वेळी तार अपेक्षेइतकी घट्ट बसली नसण्याची शक्यता आहे."

हातात देताना म्हणाली, "यानं काकांचं काम होणार असेल तर होऊ द्या. मला दुसरं कारण सापडत नाही." आवाज चढवला नाही, काही नाही. खरं असतं तेव्हा माणूस असाच गप्प होतो.

२४ डिसेंबर, बुधवार

दावा मंजूर! पूर्ण!

पेढे आणले. अव्वाने एक तोंडात टाकला आणि पाणी प्यायली. गुरु म्हणाला, मला गोड नको. अप्पांनी पेढा हातात धरून ठेवला. मी काम संपवून आले तरी तो तसाच हातात होता, घामाने ओला झालेला. म्हटलं, "खा की." म्हणाले, "त्या डॉक्टरणीचं काय हुतंय मग?"

"तिचं काय व्हायचंय? लिहिलं तिने, झालं."

या माणसाचा स्वभावच असा. आयुष्यभर कापडाच्या मागावर दुसऱ्याच्या चुकलेल्या धाग्याची गाठ मारत बसले.

२ जानेवारी, शुक्रवार

अप्पांना तपासणीला नेलं. यंत्र तपासायला वेगळाच डॉक्टर, पुण्याहून येतो म्हणे आठवड्यातून एकदा. अनिलकुमार खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला, "उत्कर्षा मॅडमना यंत्राची कामं बंद केली की. तुमच्या त्या पत्रावरनं. चौकशी व्हायची हाय. आता नुसतं बीपी बघत बसतात खाली."

मी म्हटलं, बरं झालं. चार लोक वाचतील.

अप्पा ऐकत होते. परत येताना रिक्षात त्यांनी डावा हात उजव्या हातात धरून ठेवला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. पुण्याच्या डॉक्टरने सांगितलं, सगळं उत्तम, हात आता मोकळा करा. ज्या दिवसाची हा माणूस बोटांवर वाट बघत होता तो आला आणि चेहऱ्यावर काही नाही.

११ जानेवारी, रविवार

अप्पा जेवत नाहीत. अर्धी भाकरी, कधी तीही नाही. बसूकाका आले होते, त्यांना दारातूनच परत पाठवलं. कधी नव्हे ते! अव्वाने इस्त्री केलेली बाराबंदी खुर्चीवर ठेवली, ती त्यांनी परत कपाटात नेऊन ठेवली.

मी अव्वावर ओरडले, गुरुवर ओरडले, काय झालंय ते मला सांगा. गुरु चपला घालून बाहेर गेला. या घरात प्रश्न विचारला की लोक चपला घालतात.

१३ जानेवारी, भोगी

आधी वहीत लिहिते, कारण आता तोंडाने बोलले तर काय बोलेन सांगता येत नाही.

सकाळी अव्वाने बाजरीच्या भाकऱ्या आणि गरगट्टा, भोगीची घोटलेली भाजी, केली. बाहेर रस्त्यावरून "हर्र बोला हर्र" ऐकू यायला लागलं, काठ्या निघाल्या होत्या. दरवर्षी या आवाजाला अप्पा ताटावरून उठतात. आज उठले नाहीत. मी म्हटलं, "अप्पा, धरायची नाही ते ठीक. बघायला तरी चला. आणि उद्या सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता आहेत, उद्या तरी याल ना?"

"उद्या मी येत न्हाय."

जन्मात एक अक्षता न चुकवलेला माणूस. मी विचारलं, "का?"

"तितं सत्यम सत्यम म्हणायचं असतंय."

मला कळेना. मी म्हटलं, "मग म्हणा की. लाख माणसं म्हणतात." तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या तोंडातनं येणार न्हाय, शिवलीला. मी काठी धरलीय."

मला वाटलं, जुनी गोष्ट सांगताहेत. मग त्यांनी एका दमात सांगितलं. दिवाळी झाली तसा सराव चालू झाला. नुसतं बघायला म्हणून गेले. बसूकाका म्हणाले, धोंडप्पा, एकदा हात तरी लाव. हात लावला. दुसऱ्या दिवशी पट्टा बांधला. मग रोज. "वाटलं, यंत्र छातीत हाय, काठी कमरेला. दोघांचा काय संबंध? आणि सिद्धरामाची काठी हाय, ती मला काय करणार?" त्या मंगळवारी काठी एका बाजूला कलली, डावा हात वर ताणून त्यांनी ती सावरली. खांद्यात कळ आली. बसूकाकांनी घरी आणून सोडलं.

"भजन?" मी विचारलं.

"भजन न्हवतंच."

गुरु भिंतीला टेकून उभा होता. "मला ठाऊक होतं, अक्का. बाराबंदी मीच नेऊन द्यायचो, तुला दिसू नये म्हणून." अव्वा म्हणाली, "कमरेला हळद मीच लावत हुते."

मी ओरडले. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला एवढं ओरडले. डॉक्टरने विचारलं तेव्हा का बोलला नाहीत? दोन-दोनदा विचारलं तिने!

अप्पा म्हणाले, "बोलणार हुतो. तोंड उघडलं, तर तू आदीच बोललीस."

"मग नंतर? घरी आल्यावर? दीड महिना?"

अव्वा बोलली, ताटातली भाकरी मोडत, माझ्याकडे न बघता. "तुला कोण सांगणार गं? तू घरात असलीस की आमी भांडीसुद्धा हळू ठेवतो."

मला बसूकाकांचा राग आला आहे. गुरुचा, अव्वाचा. अप्पांचा सगळ्यात जास्त, मेले असते म्हणून. पुन्हा तसंच केलं असतं तर पुन्हा तार निघाली असती, आणि या खेपेला कदाचित खरा झटका लागायच्या वेळी यंत्र गप्प बसलं असतं. हे सगळं घराला कळत होतं आणि तरी माझ्याशी बोलण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटलं. मागची पानं उलटून पाहिली. चोराच्या उलट्या बोंबा, असं मीच लिहिलं आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी अप्पांना घेऊन हॉस्पिटलला गेले. डॉ. उत्कर्षा तळमजल्यावर, रक्तदाबाच्या खोलीत. मला बघून तिने खुर्ची थोडी मागे घेतली.

मी म्हटलं, "अप्पांना तुमच्याशी बोलायचंय. एकट्यांना बोलायचं असेल तर मी बाहेर थांबते."

अप्पा म्हणाले, "थांब हितंच." आणि सांगितलं, सगळं, कलली कशी, सावरली कशी, हात केवढा वर गेला ते उजव्या हाताने दाखवून.

तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर तिचे डोळे भरले, पण आवाज रागाचा होता. अगदी गावचा. "काका, मी तुमाला इचारलं हुतं. दोनदा इचारलं हुतं!" मग माझ्याकडे वळली. "आणि तुमी! रोज घरी जाऊन मी त्या पहिल्या ऑपरेशनची फिल्म बघती. रोज. माझा हात कुटं चुकला, कुटं चुकला म्हणून. काल एका बाईला यंत्र बसवायचं हुतं, मला आत जाऊ दिलं न्हाय. तुमी नुसतं त्यांना एक वाक्य बोलू दिलं असतं तर?"

मी मान खाली घातली. असं फार वेळा होत नाही.

तिने अप्पांना टेबलावर झोपवलं, खांद्यावर हात फिरवला, वरच्या मजल्यावरून माणूस बोलावून यंत्र तपासून घेतलं. "हाय जागेवर," म्हणाली. मग मी तिथेच बसून हॉस्पिटलला आणि विमा कंपनीला लिहिलं. तार काठी धरताना हलली. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, आम्ही सांगितलं नाही. डॉक्टरांची चूक नाही, ते पत्र मी दमदाटी करून घेतलं. अप्पांनी सही केली, खाली मी केली. कंपनी आता काय करायचं ते करू दे. काठी धरताना असा आकडा अमेरिकेतही नाही, तेव्हा शब्दांतच लिहिलं.

उठताना मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "चुकलंच." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुपारी अक्षतांना गेलो, चौघे. अप्पांनी बाराबंदी घातली. गर्दीत बसूकाका दिसले, मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते दोन माणसांच्या मागे गेले. काठ्या समोरून आल्या तेव्हा अप्पांनी डावा हात बंदांत खोचून ठेवला आणि उजवा कपाळाला लावला. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, काठी हातात नसताना. लग्नाची सम्मती, म्हणजे मंगलाष्टकं, वाचली गेली, मैदानभर "सत्यम, सत्यम" उठलं. अप्पांचा आवाज मला माझ्या कानाशी ऐकू आला, मोठा, फाटलेला. मीही म्हटलं. माझ्या तोंडून ते भांडल्यासारखंच निघालं. दुसरा आवाज मला नाही.

१९ जानेवारी, सोमवार

हॉस्पिटलचं उत्तर अजून नाही. अनिलकुमारला दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा करणार आहे.

मघाशी काम करत होते, तर अप्पा दारात येऊन उभे राहिले. आत येईनात. कडी हलवत राहिले.

"शिवलीला, एक सांगायचं हाय. चिडणार न्हाईस न्हवं?"

म्हटलं, "बोला."

"सकाळी घागर उचलली. डाव्या हातानं. अर्धीच हुती."

अर्धी घागर! डाव्या हाताने! घरात गुरु आहे, मी आहे, नळाला मोटर आहे, आणि हा माणूस घागर उचलतो! सगळं तोंडापर्यंत आलं. अप्पा माझ्याकडे बघत होते, दवाखान्यात त्या दिवशी बघत होते तसेच. मी लॅपटॉपची कड दोन्ही हातांनी धरली.

"बरं झालं सांगितलंत," म्हटलं. "दुखतंय का?"

"न्हाय."

"उद्या दाखवून येऊ."

"बरं," म्हणाले, आणि कडी सोडून गेले. त्यानंतर ही वही उघडली. घागरीच्या ओळीला पेन कागदातून आरपार गेलं आहे, मागच्या पानावर आता काही लिहिता येणार नाही. स्वयंपाकघरात अव्वाने पातेलं ओट्यावर दणकन ठेवलं.